एका पत्रात एकच विषय

माझे काका युद्धात होते असं मी म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या आघाडीवर? मी सांगते, राज्यपालांच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. हसू नका. त्या युद्धात गोळ्या उडाल्या त्याहून जास्त कागद उडाले, आणि आमच्या बाजूचे जवळजवळ सगळे काकांच्या टेबलावरून उडाले.

काका मसुदे लिहायचे. राज्यपालांना जे म्हणायचं असेल ते काका स्वच्छ, आदराच्या भाषेत कागदावर उतरवायचे. काय म्हणायचं आहे हे राज्यपालांना स्वतःलाच ठाऊक नसेल, आणि बहुतेक वेळा ते नसायचंच, तर तेही काकाच ठरवायचे. एकतीस वर्षं हेच काम. पाच राज्यपाल आले आणि गेले, सही तेवढी बदलली. मी त्यांची पुतणी. माझे वडील गेल्यावर त्यांनीच मला घरी आणलं, टायपिंग शिकवलं आणि आपल्याच खोलीत खिडकीजवळच्या यंत्रावर बसवलं. मसुदा त्यांचा, टाइप माझं आणि सही राज्यपालांची. जसजसं वर जावं तसतसे कष्ट कमी होत जातात, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या खोलीत कळलं.

ऑफिसात त्यांना सगळे ‘संदर्भकाका’ म्हणत. सरकारी पत्राच्या माथ्यावर आधी संदर्भ येतो, मग विषय, आणि या दोन ओळी काकांच्या रक्तात होत्या. घरी काकू म्हणायची, “अहो, पाणी तापलंय, आणि ताईचं पत्र आलंय.” काका वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारायचे, “यातला विषय कोणता?” काकू म्हणायची, “विषय हा, की पाणी निवतंय.” मग ते उठायचे.

त्यांचे नियम थोडे होते पण लोखंडी होते. प्रत्येक पत्राला क्रमांक. क्रमांकाप्रमाणेच उत्तर. पेन्सिलीने लिहिलेलं नोंदीत धरायचं नाही. आणि सगळ्यांच्या वर, एका पत्रात एकच विषय. नवीन होते तेव्हा मी एकदा विचारलं होतं, दोन विषय एका कागदावर आले तर आकाश कोसळतं का? ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “पोरी, एक कागद दोन फायलींत जाऊ शकत नाही. तो एकीत जातो, आणि दुसरा विषय मरतो.” मला ते पटलं. अजूनही पटतं, तोच तर वांधा आहे.

आता त्या दोन थोर पुरुषांकडे वळते. राज्यपाल आणि सेनापती. राज्याचं रक्षण या दोघांच्या खांद्यांवर होतं आणि दोघांचे खांदे एकमेकांना लागू नयेत म्हणून आम्ही सगळे राबत होतो. भांडणाचं मूळ विचाराल तर खुर्ची. अलंकारिक अर्थाने नाही हो, लाकडाची. युद्धाच्या आधी एका संचलनाला राज्यपालांच्या खुर्चीला हात होते आणि सेनापतींच्या खुर्चीला नव्हते. सेनापतींनी लेखी निषेध नोंदवला. राज्यपालांनी लेखी उत्तर दिलं की बिनहाती खुर्चीतून त्वरित उठता येतं आणि सैनिकाला ते सोयीचं असावं. सेनापतींच्या फायलीतले आमचे क्रमांक बारा ते एकोणीस, आठ पत्रं, खुर्चीवर आहेत. तेवढ्या काळात शत्रूने दोन ठाणी घेतली. त्यांच्यावर मिळून एक पत्र आहे.

टेलिफोन नव्हता का? होता की, दोन्हीकडे होता, काळाभोर आणि चकचकीत. पण जो आधी फोन करेल त्याला पलीकडचा येईपर्यंत कानाला लावून थांबावं लागतं, आणि थांबणं म्हणजे कमीपणा. त्यामुळे दोन्ही फोनवरची धूळ रोज पुसली जायची आणि पत्रं मोटारसायकलवरून जायची. सेनापतींचा तळ चाळीस मैलांवर होता. सकाळी गेलेलं पत्र दुपारी पोहोचे.

तर एक्केचाळीस क्रमांकाची गोष्ट. सेनापतींनी कळवलं की विमानांवर मारा करायची एक तोफ राज्यपालांच्या बागेत बसवायची आहे, तरी गुलाबाचे वाफे मोकळे करून द्यावेत. राज्यपाल लाल झाले. काकांना बोलावून म्हणाले, “असं काही लिहा की त्याला झोंबलं पाहिजे.” काकांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मी जे टाइप केलं त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: “आपल्या सैन्याचा मागे येण्याचा सध्याचा वेग पाहता, सदर तोफ माझ्या बागेपर्यंत आपोआपच पोहोचेल, तरी वेगळ्या परवानगीची आवश्यकता वाटत नाही.”

ऑफिसात दिवाणखान्यापासून पोर्चपर्यंत ते वाक्य फिरलं. दारावरचा शिपाई ते म्हणून दाखवायचा, आणि त्याला ‘सदर’ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. काका वरून गंभीर, पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी काकूला ते वाक्य दोनदा ऐकवलं. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्या माणसाला असा एखादा दिवस मिळतो. काकू म्हणाली, “छान आहे. पण ज्यांची पोरं मागे येतायत त्यांना कसं वाटेल?” काका म्हणाले, “हा वेगळा विषय आहे.”

सेनापतींचं उत्तर दोन ओळींचं आलं. क्रमांक एक्केचाळीस लेखी मागे घेतल्याखेरीज राज्यपाल कार्यालयाचं कोणतंही पत्र स्वीकारलं जाणार नाही. राज्यपाल म्हणाले, “माझी जीभ झडली तरी नाही.” त्यांच्या जिभेचा इथे काही संबंध नव्हता, वाक्य काकांचं होतं. पण झालं, दारं बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ताईची चिठ्ठी आली.

ताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नदीपलीकडच्या गावातल्या हॉस्पिटलात ती नर्स होती, तिची तीन वर्षांची मुलगी तिच्याजवळच होती आणि नवरा जहाजावर कुठे होता देवाला ठाऊक. शत्रू त्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर आला होता. ज्यांना चालता येत होतं ते पूल ओलांडून अलीकडे आले. चिठ्ठी त्यांच्यातल्याच एकाने आणून दिली. औषधाच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं होतं: “बाबा, चालणारे आले. माझ्याकडे न चालणारे सदतीस आहेत. गाड्या पाठवा, मी त्यांच्याबरोबर येईन. छकुली बरी आहे, पुलावरचे शिपाई तिला खाऊ देतात.”

काकांनी चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. “क्रमांक नाही, विषय नाही,” म्हणाले. आणि मग पुन्हा उलटून क्रमांक शोधायला लागले, तेव्हा चिठ्ठी मीच काढून घेतली.

गाड्या फक्त सैन्याकडे होत्या. सैन्याला पत्र घालायचं तर एक्केचाळीस आडवं. काका राज्यपालांकडे गेले, अर्धा तास उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरचं बोलले. राज्यपालांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त उंचावर बसवलेला होता. म्हणाले, “फार वाईट वाटतं हो. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.” मग काका निघताना त्यांना आठवण झाली. “आणि तो पूल पाडायची संमती मागत होता ना तो? देऊन टाका. पण माझ्या नावाचा दगड आधी नीट काढून घ्या म्हणावं.”

हे जरा सांगायला हवं. त्या पुलाचं उद्घाटन या राज्यपालांनी केलं होतं आणि अलीकडच्या टोकाला त्यांच्या नावाचा संगमरवरी दगड होता. शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून सेनापतींना पूल उडवायचा होता, पण पूल होता राज्याच्या मालकीचा. लेखी संमती आल्याशिवाय सेनापती हात लावणार नव्हते, उद्या खापर फुटलं तर ते आपल्या डोक्यावर फुटू नये म्हणून. तोवर एक तुकडी पुलाच्या पलीकडच्या टोकाला बसवून ठेवली होती. संमती आली की तुकडी मागे येणार, पूल उडणार. संमतीची मागणी आमच्याकडे बारा दिवस पडून होती, त्या दगडापायी. आता ती तोंडी मिळाली.

काका जिना चढून खोलीत आले, दार लोटलं आणि लिहायला बसले. मी बघत होते. त्या माणसाने कधी सरकारी टाचणी घरी आणली नव्हती, आणि आता तो राज्यपालांच्या नावाने राज्यपालांनी न सांगितलेलं पत्र लिहीत होता. क्रमांक बेचाळीस. विषय: रुग्णालयातील सदतीस रुग्णांसाठी वाहने. माफी कुठे घातली असेल? संदर्भात. “संदर्भ: आमचे क्रमांक एक्केचाळीस, जे लिहिताना माझ्याकडून आपल्या जवानांच्या शौर्याचा अवमान झाला, व जे मी खेदपूर्वक मागे घेत आहे.” संदर्भात काहीही येऊ शकतं, विषय मात्र एकच. इमान विकतानासुद्धा काकांनी समास सोडला होता.

मी यंत्रावर कागद चढवला आणि विचारलं, “काका, पुलाची संमती मिळालीय ना? यातच एक ओळ टाकते. मोटारसायकल एकच जाणार आहे.”

“नाही.”

“अहो, पण एकाच माणसाला तर जायचंय.”

“एका पत्रात एकच विषय. पूल बांधकामाचा, गाड्या आरोग्याच्या. गोंधळ झाला तर गाड्या अडकतील. पूल स्वतंत्र पत्राने.”

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे छकुली होती, पूल नव्हता.

राज्यपाल अकरा ते साडेअकरा सह्या करत. एकेक पत्र काका पुढे सरकवायचे, वरचा भाग टीपकागदाने झाकलेला, सहीची जागा तेवढी उघडी. शाई सुकवण्यासाठी म्हणे. त्या दिवशी तीस पत्रांत एकोणिसावं बेचाळीस क्रमांकाचं होतं. राज्यपाल सही करता करता बागेतल्या मुंग्यांबद्दल बोलत होते. सही झाली. अशी जगात किती थोर कृत्यं मुंग्यांच्या नादात झाली असतील कोण जाणे.

पत्र त्याच दुपारी तळावर पोहोचलं आणि संध्याकाळी उत्तर हजर. “आपल्या मनाच्या मोठेपणाने मी भारावून गेलो आहे. आठ वाहने रवाना करण्यात आली आहेत.” राज्यपालांनी ते वाचलं, क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग आठ्या विरल्या. आपल्या मनाचा मोठेपणा कोणी लेखी कळवला तर तो नाकारायची कोणाची टाप आहे? तासाभरात तेच आम्हाला सांगत होते, “शेवटी मीच एक पाऊल मागे घेतलं.”

त्या उत्तराच्या खाली, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘पुलाबाबत कृपया लवकर.’ सही नाही, काही नाही.

“काका, हे कोणी लिहिलंय?”

“तिकडचा मसुदेवाला असेल,” काका म्हणाले. “त्यानेच लगोलग सही घेतलेली दिसते. हुशार माणूस. पण पेन्सिल? पेन्सिल नोंदीत धरत नाहीत.” आणि त्यांनी पत्र फायलीला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. शेवटच्या गाडीतून ताई उतरली, कडेवर छकुली, अंगावर तीन दिवसांचे कपडे. काकू तिला धरून इतकी रडली की तीच रुग्ण वाटावी. काकांनी नातीला उचललं आणि खाली ठेवलंच नाही. घरी जाईपर्यंत, जेवताना, झोपवतानासुद्धा. मी त्या दिवशी इतकी सुखात होते की सेनापती आणि राज्यपाल दोघांनाही मनातून माफ करून टाकलं.

त्याच्या पुढच्या दिवशी, सोळा तारखेला, काकांनी रजा घेतली. एकतीस वर्षांतली पहिली. छकुलीला त्यांच्या पोटावर बसायचं होतं आणि ऑफिसात ती सोय नव्हती. मी एकटीच गेले. पुलाचं पत्र, क्रमांक त्रेचाळीस, मी आदल्या संध्याकाळीच टाइप करून ठेवलं होतं. संमती आणि दगड, दोन्ही बांधकामातच मोडत असल्यामुळे तो एकच विषय धरला होता. फक्त काकांची लहान सही कोपऱ्यात हवी होती, तिच्याशिवाय पत्र राज्यपालांपुढे जात नसे. ते त्यांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली पडून होतं. घर दहा मिनिटांच्या अंतरावर. मी पळत जाऊन सही आणू शकले असते. मला सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. सुचलं होतं. म्हटलं, एक दिवस राहू दे त्यांना पोरीबाळींत, पूल कुठे पळून जातोय.

सतराला काका आले, सही केली, अकराला राज्यपालांची झाली, पण मोटारसायकल पंक्चर होती. अठराला पत्र पोहोचलं. पूल उडाला. दगड त्याआधी शाबूत काढून आणला गेला आणि राज्यपालांच्या बागेत, गुलाबांच्या वाफ्यात, उभा राहिला. तोफ मात्र आली नाही.

युद्ध संपलं. कोणी जिंकलं ते विचारू नका, दोन्हीकडे पुतळे आहेत. पुढे बारा वर्षांनी कोणाच्या तरी डोक्यात आलं की तो सगळा पत्रव्यवहार छापावा. जाडजूड पुस्तक निघालं, सोनेरी अक्षरं, आत दोघांचे फोटो. प्रस्तावनेत एका प्राध्यापकांनी बेचाळीस क्रमांकावर चार पानं लिहिली आहेत: सत्ताधाऱ्याने शस्त्रधाऱ्यापुढे नमतं घेण्याचं दुर्मिळ उदाहरण वगैरे. प्रकाशनाला दोन्ही थोर पुरुष आले होते, दोघेही काठी टेकत. खुर्च्या मी मुद्दाम बघितल्या. दोन्हींना हात होते.

माजी राज्यपालांनी बेचाळीस वाचून दाखवलं. ‘खेदपूर्वक’ हा शब्द त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा एकदा वाचला. खोटं नव्हतं ते. बारा वर्षांत त्यांनी ते पत्र खरंच लिहिलं होतं. माजी सेनापतींनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. काका मागून तिसऱ्या रांगेत, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. काका माझ्या कानात म्हणाले, “समास बरोबर नाही छापलेला.”

चहाच्या वेळी एक म्हातारा आमच्याकडे आला. बारीक अंगाचा, कोटाची सगळी बटणं लावलेली. म्हणाला, “राज्यपालांकडे मसुदे लिहायचे ते आपणच ना? मी सेनापतींकडे होतो.”

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. मी त्यांना परक्या माणसाला असं कधी धरताना पाहिलं नव्हतं. “अहो, तुम्ही! त्याच दिवशी गाड्या सोडल्यात तुम्ही! ही बघा, ही माझी मुलगी. ही त्या गाडीतून आली. तुमच्यामुळे.”

म्हाताऱ्याने ताईकडे पाहिलं, अगदी नीट, वेळ घेऊन. “बरं झालं,” म्हणाला. “पत्र बघितल्याबरोबर कळलं मला, हे राज्यपालांचं नाही. कोणाचं तरी माणूस आहे तिकडे. म्हटलं, आपण थांबायचं नाही. सेनापतींची सही कशी घ्यायची ते आम्हालाही येत होतंच.”

“मग खाली पेन्सिलीने...”

“ते माझंच. माझा मुलगा होता पुलावर. गाड्या निघाल्या म्हणजे आता संमतीही येईल असं वाटलं होतं.”

मागे कपबश्या वाजत होत्या. ताईच्या हातातला कप मी घेतला.

“आली ना संमती,” काका हळूच म्हणाले. “मी पाठवली होती.”

“मिळाली. क्रमांक त्रेचाळीस. अठरा तारखेला आवक नोंद केली मीच. माझा मुलगा सतराला दुपारी गेला.” म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, जणू तो फाइल वाचत होता. “एकच विचारायचं होतं म्हणून आलो. बेचाळीस लिहिलंत तेव्हा संमती मिळालेली होती का?”

काकांना खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तेच सुबक करून दिलं होतं त्यांनी. ते म्हणाले, “होती.”

म्हाताऱ्याने मान हलवली. म्हणाला, “एका पत्रात एकच विषय. हो. मीही तसंच लिहिलं असतं.” आणि कोटाचं वरचं बटण, जे लागलेलंच होतं, पुन्हा लावून तो गर्दीत गेला.

ताई भिंतीला टेकून उभी होती. “छकुलीला खाऊ देणारा तो उंच होता,” ती म्हणाली. “त्याचाच असेल का गं मुलगा?”

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसले, आणि दुपारपर्यंत टोपलीत सोळा कागद पडले. प्रत्येकावर वर ‘संदर्भ’ आणि खाली कोरं. शेवटी त्यांनी मला हाक मारली आणि एक कागद दिला, स्वतःच्या अक्षरातला. माथ्यावर ना संदर्भ ना विषय. लिहिलं होतं: “माझी मुलगी तुमच्यामुळे जिवंत आहे. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. सोळा तारखेला मी नातीला पोटावर घेऊन घरी बसलो होतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून लिहायचा मी सकाळपासून प्रयत्न करतो आहे, जमत नाही.”

खाली सही. त्यांची स्वतःची, पूर्ण नावाने. एवढ्या वर्षांत मी ती पत्राखाली पहिल्यांदाच पाहिली.

मी पेन मागितलं आणि त्यांच्या नावाखाली माझंही घातलं, कारण सोळा तारखेला पुलाचं पत्र काचेच्या वजनाखाली दिवसभर कोणी बघत बसलं होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि दोन्ही सह्यांवर टीपकागद दाबला.

“जावक क्रमांक काय घालू?” मी सवयीने म्हणाले.

“घालू नकोस,” काका म्हणाले. “आणि पोस्टात टाकू नकोस. मी स्वतः घेऊन जातो.” काकूने कोट आणून दिला आणि ते निघाले.